मार खाणाऱ्यालाच उपदेश का?

जगात उपदेशकांचा तोटा नाही. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात, तसे प्रत्येक दंग्यानंतर ते उगवतात. आणि त्यांच्या उपदेशाचा ओघ बहुधा एकाच अंगाला वाहतो. ज्याच्या पाठीत काठी बसली त्याला ते गोंजारून सांगतात, "बाबा रे, शांत राहा. हिंसेने हिंसा वाढते." ज्याने काठी घातली त्याच्या दाराकडे मात्र हे साधुपुरुष फिरकत नाहीत, फिरकलेच तर पानसुपारी घेऊन परत येतात.

अमुक वर्णात किंवा अमुक जातीत जन्मला एवढ्याच कारणावरून एखाद्या माणसास डिवचले, हिणवले, त्याच्या दारावर चालून गेले, आणि त्याने उलट हात उगारला, तर तो हात न्याय्य की अन्याय्य? प्रश्न जुना आहे व आजही पदोपदी विचारला जातो. आमचे उत्तर आम्ही आडपडदा न ठेवता आरंभीच देतो. अंगावर किंवा घरावर येणारा हात अडविण्यापुरता उगारलेला हात न्याय्य आहे. शिवीबद्दल, झाल्यागेल्या गोष्टीचा सूड म्हणून, किंवा ज्याने काही केले नाही त्याची कातडी पाहून उगारलेला हात न्याय्य नाही. आणि या दोहोंमधली रेघ कोठे पडते याचा निवाडा करताना मार देणाऱ्याची सोय पाहून चालणार नाही. मार खाणाऱ्याच्या जागी उभे राहून तो केला पाहिजे. नुसत्या तत्त्वाच्या गप्पांनी कोणाचे पोट भरत नाही, म्हणून शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेल्या एका खटल्याची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. १९१० साली तेथे काळ्या लोकांची वस्ती ५,७४१ होती; १९२० साली ती ४०,८३८ झाली. दक्षिणेकडे गोऱ्यांची शेते वाट्याने करून कर्जात बुडालेली आणि जमावाने झाडाला टांगण्याच्या भीतीखाली वाढलेली ही माणसे कारखान्यांत चार घास मिळतील म्हणून उत्तरेस आली. कारखान्याच्या भट्टीपाशी काळा माणूस चालतो, शेजारच्या घरात चालत नाही, असा तेथील गोऱ्यांचा शिरस्ता होता. आमच्या वाचकांस हा शिरस्ता ओळखीचा वाटेल. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीचा जोर तर इतका वाढला होता की, १९२४ च्या मेयरच्या निवडणुकीत तिच्या उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नसतानाही मतदारांनी ते हाताने लिहिले, आणि हजारो मतपत्रिका रद्द झाल्या म्हणूनच तो पडला.

अशा या शहरात डॉ. ऑसियन स्वीट नावाचा एक काळा डॉक्टर राहत होता. फ्लोरिडातील बार्टो या गावी गरीब शेतकऱ्याच्या घरी तो वाढला. तो पाच वर्षांचा असताना, १९०१ साली, त्याच गावात जमावाने एका काळ्या तरुणाला जिवंत जाळले. हलकी कामे करून त्याने विद्या मिळविली व वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून डॉक्टरीची पदवी घेतली. १९१९ साली तो तेथे शिकत असतानाच गोऱ्या जमावांनी रस्त्यांत काळ्यांना बडविले, तेही त्याने पाहिले. पुढे व्हिएन्ना व पॅरिस येथे जाऊन त्याने आपली विद्या वाढविली. परत आल्यावर १९२५ साली बायको ग्लॅडिस व तान्ह्या मुलीसाठी गार्लंड आणि शार्लव्हॉय या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे एक घर त्याने १८,५०० डॉलरला खरेदी केले. पैसा स्वतःच्या घामाचा, खरेदी कायद्याप्रमाणे, चोरी नाही, मारी नाही. त्याचा गुन्हा एवढाच की आळी गोऱ्यांची होती.

लागलीच आळीतील गोऱ्यांनी 'सुधारणा मंडळ' काढले. सुधारणा कशाची? रस्त्याची नव्हे, गटारांची नव्हे. काळा शेजारी हाकलण्याची! या मंडळाची सभा स्वीट यांच्या घरासमोरच्या शाळेच्या आवारात भरली. लेकरांना जेथे धडे देतात तेथे बापांनी असे धडे घेतले. याच उन्हाळ्यात, जून महिन्यात, डॉ. टर्नर नावाच्या नामांकित काळ्या शस्त्रवैद्याच्या नव्या घरावर जमाव चालून गेला होता. घराची नासधूस झाली, धाक घालून घराच्या कागदावर सही घेण्यात आली, आणि बिचारे टर्नर जीव घेऊन निघून गेले. त्यांनी हात उगारला नाही. त्यांच्या शांतीमुळे जमावास पश्चात्ताप झाला काय? मुळीच नाही. उलट एक घर पचले, आता पुढचे, अशी जमावाची भूक वाढली. मऊ लागले की कोपराने खणायचे, ही दांडगाईची जुनी रीत आहे.

८ सप्टेंबर १९२५ रोजी स्वीट नव्या घरात राहावयास गेले. मुलीला आजीकडे ठेवले. पोलिसांस आगाऊ कळविले होते. सोबत भाऊ व स्नेही होते, आणि घरात बंदुका व काडतुसे होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी घराभोवती शेकडो माणसे जमली. दंतवैद्य असलेला भाऊ एका मित्रासह टॅक्सीतून उतरताच त्यांच्यावर दगडांचा व शिव्यांचा भडिमार झाला. ते कसेबसे घरात शिरले. छपरावर दगड पडत होते, काचा फुटत होत्या. रस्त्यावर पोलिस इन्स्पेक्टर आपल्या शिपायांसह हजर होते, पण एका दगड मारणाऱ्याचा हात धरला गेला नाही की जमाव पांगविला गेला नाही. अखेर घरातून गोळ्या सुटल्या. समोरच्या घरापाशी उभा असलेला एक गोरा ठार झाला, दुसरा जखमी झाला. मग मात्र पोलिसांना पाय फुटले! घरातल्या अकराही जणांना, ग्लॅडिसबाईंसकट, पकडून खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले. दगड मारणारे आपापल्या घरी जेवावयास गेले.

काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने क्लॅरेन्स डॅरो या त्या काळच्या गाजलेल्या वकिलास उभे केले. ज्यूरी सगळी गोरी. सरकारपक्षाने एकामागून एक साक्षीदार आणले आणि त्या सर्वांनी एकच पाठ म्हटला: जमाव नव्हताच, थोडे लोक सहज उभे होते. एका साक्षीदाराच्या तोंडून 'मोठा जमाव' असे शब्द निसटले व त्याने ते घाईघाईने गिळले. तेव्हा 'थोडे लोक' म्हणावयाचे आपण विसरलो, हे डॅरो यांनी उलटतपासणीत त्याच्याकडून वदवून घेतले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. नोव्हेंबर १९२५ मध्ये ज्यूरीत एकमत झाले नाही. दुसऱ्या खेपेस, ज्याने गोळी झाडल्याचे कबूल केले होते त्या हेन्री या धाकट्या भावावर एकट्यावर खटला चालला, आणि मे १९२६ मध्ये गोऱ्या ज्यूरीनेच त्याला निर्दोषी ठरविले. उरलेल्यांवरचे खटले १९२७ साली काढून घेण्यात आले.

आता या गोळीबाराविरुद्ध जे आक्षेप घेतले गेले, आणि अशा प्रत्येक प्रसंगी कोठेही घेतले जातात, ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप: त्याने तेथे जावयाचेच कशाला? गोऱ्यांना राग येणार हे ठाऊक असता तेथे घर घेणे हीच आगळीक नव्हे काय? वाहवा रे न्याय! म्हणजे आपल्या पैशाने आपल्या घरात राहणे ही आगळीक, आणि दुसऱ्याच्या घरावर दगड मारणे ही तिची स्वाभाविक प्रतिक्रिया! हाच न्याय लावला तर घोड्यावर बसलेला नवरदेव आगळीक करतो, मिशीला पीळ देणारा आगळीक करतो, शाळेत जाणारी पोर आगळीक करते. दुसऱ्याच्या पोटात दुखते म्हणून माणसाने आपला हक्क सोडावयाचा, तर हक्काची मोजणी पोटदुखीच्या मापाने होऊ लागेल. चिथावणी कोणाची, हे ठरविताना पाहिले पाहिजे ते इतकेच की कोण कोणाच्या दारात गेला होता.

दुसरा आक्षेप: पोलिस होते ना? मग कायदा हातात का घेतला? हा आक्षेप ऐकावयास फार गोड आहे. पण कायदा ज्याच्या हाती सोपविला होता त्याने तो खाली टाकला असेल तर? सरकार प्रजेकडून बळ वापरण्याचा अधिकार काढून घेते ते एका करारावर: तू हात आवर, मी तुझे रक्षण करतो. करारातला दुसरा अर्धा सरकारने मोडला की पहिला अर्धा एकट्या प्रजेच्या गळ्यात बांधता येत नाही. पोलिस पाठ करून उभे, दगड खिडकीतून आत, अशा वेळी घरातल्या माणसाने कोणाकडे अर्ज करावयाचा?

तिसरा आक्षेप: बंदुका आगाऊ आणल्या होत्या, म्हणजे खुनाचा बेत होता. पावसाळ्याआधी जो घर शाकारतो त्याने पाऊस बोलावला असे कोणी म्हणत नाही. स्वीट यांच्या डोळ्यांपुढे काय होते ते पाहा. बार्टोची आग होती, वॉशिंग्टनचे रस्ते होते, टर्नर यांचे मोडलेले घर होते. १९२१ साली ओक्लाहोमातील टल्सा येथे जमावाने काळ्यांची वस्ती जाळली तेव्हा डॉ. जॅक्सन हे काळे शस्त्रवैद्य दोन्ही हात वर करून घराबाहेर आले, आणि तरीही त्यांना गोळी घालण्यात आली. हात वर करणाऱ्याची ही गत! डॅरो यांच्या बचावाचे मर्म येथेच होते. आरोपीला वाटलेली भीती खरी होती की नव्हती, हे सुखवस्तू गोऱ्याच्या आरामखुर्चीत बसून ठरवू नका; तीनशे वर्षे ज्यांच्या पाठीमागे जमाव धावला त्या लोकांतल्या एका माणसास त्या रात्री, त्या खिडकीशी, काय वाटणे रास्त होते ते ठरवा, असे त्यांनी ज्यूरीस सांगितले. उलट चित्र मनात आणा, असेही ते म्हणाले: घरात अकरा गोरे, बाहेर दगड मारणारे काळे, आणि गोळीने काळा मेला असता, तर त्या गोऱ्यांवर खटला भरण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा भेद कायद्याच्या पुस्तकात नसतो, पण पुस्तक उघडणाऱ्याच्या डोळ्यांत असतो.

चौथा आक्षेप मात्र जड आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. मेलेला मनुष्य समोरच्या घरापाशी उभा होता, आणि गोळी त्याला पाठीकडून लागली. त्याच क्षणी त्याच्या हातात दगड होता असे कोणी सिद्ध केले नाही. त्याच्या घरीही बायकामुले होती. त्याच्या मरणाचा आनंद मानणारा मनुष्य आमच्या पंक्तीला नको. पण दुःख मानणे वेगळे आणि दोष कोणाच्या माथी मारावयाचा हे वेगळे. आमच्या देशाचा कायदा याबद्दल काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १८६० च्या दंडसंहितेत आत्मसंरक्षणाचा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. त्यातील शेवटचे कलम नेमके याच पेचाचे आहे. प्राणघातक हल्ला होत असता निरपराध माणसास इजा होण्याचा धोका पत्करल्यावाचून बचाव करता येत नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हा हक्क जातो, असे ते सांगते; आणि दृष्टांत देते तो जमावाने घेरलेल्या माणसाचा, ज्या जमावात लहान मुलेही मिसळली आहेत. म्हणजे जमाव जमवून त्यात बघ्यांना उभे करणारा जो असतो, बघ्यांच्या जिवाची जोखीम त्याने उचललेली असते. सुक्याबरोबर ओलेही जळते. पण काडी लावणारा कोण, हे विसरून ओल्याच्या नावाने गळा काढणे हा शुद्ध कावा आहे.

येथवर वाचून आमच्यातील काही तरुण मंडळी मांड्या थोपटू लागतील. "बरोबर! मग घ्या काठ्या, आणि प्रत्येक शिवीचा हिशेब चुकता करा!" त्यांनी जरा दम धरावा. आमचे बोलणे अजून संपलेले नाही, आणि पुढचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

१९१९ सालच्या जुलैत शिकागो येथे सरोवरात पोहणारा एक काळा मुलगा गोऱ्यांच्या दगडफेकीत बुडून मेला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडण्याचे नाकारले. शहर पेटले, ३८ माणसे मेली, त्यांत २३ काळे व १५ गोरे. काळ्यांनी आपल्या वस्त्या राखल्या, गोऱ्या टोळ्यांना मागे रेटले, हे योग्यच केले. पण त्याच धामधुमीत काळ्यांच्या एका जमावाने एका म्हाताऱ्या इटालियन फेरीवाल्याला भोसकून मारले. त्या म्हाताऱ्याने कोणाला बुडविले होते? तो पोटासाठी माल विकत हिंडत होता, आणि त्याची कातडी गोरी होती. कातडीवरून माणूस मारणे हेच ज्या पापाचे नाव, तेच पाप येथे रंग बदलून झाले. याला आत्मसंरक्षण म्हणणारा मनुष्य स्वीट यांच्या खटल्याचा पाया आपल्याच हाताने खणतो. कारण 'तू त्या जातीचा, म्हणून तू दोषी' हे तत्त्व एकदा कबूल केले की ते आपल्यावर चालविणाऱ्यास अडवावयाचे कोणत्या तोंडाने?

अलीकडचे उदाहरण पाहा. ५ ऑगस्ट २०२३ रोजी अलाबामातील माँटगोमेरी येथे नदीच्या धक्क्यावर, मोठ्या बोटीची जागा अडवून बसलेली लहान नाव बाजूला घ्या असे सांगणाऱ्या काळ्या कर्मचाऱ्यावर काही गोरे तुटून पडले. एकट्याला अनेकांनी घेरलेले पाहून इतर काळे लोक धावले, एकजण तर पाण्यात उडी टाकून पोहत आला. हे धावणे शंभर टक्के न्याय्य होते. जो धावला नसता त्याला आम्ही दोष दिला असता. पण पुढे एकाने घडीची खुर्ची उचलून, खाली बसलेल्या एका बाईच्या डोक्यात घातली. तेथे रेघ ओलांडली गेली. हल्लेखोर गोऱ्यांपैकी काहींनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि खुर्चीवाल्यावरही आरोप ठेवला गेला. जगभर त्या खुर्चीची गाणी झाली; पण पोहत येणाऱ्याचे कौतुक खुर्चीपेक्षा जास्त व्हावयास हवे होते. त्याने जीव वाचविण्यासाठी उडी घेतली, आणि खुर्ची पडली तेव्हा वाचविण्याचे काम संपले होते.

तेव्हा प्रत्येकाने आपल्या मनाशी तीन गोष्टी तपासाव्यात. समोरून आला तो शब्द होता की हात? मी मारतो आहे तो मारणाराच आहे, की त्याच्या जातीचा कोणी वाटसरू? आणि माझा घाव हल्ला थांबविण्यासाठी आहे, की थांबलेल्या हल्ल्याची फेड करण्यासाठी? कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. सरकारी मदत मागण्यास अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागते त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, अशी बंधने त्याने घातली आहेत. चिथावणीने डोके फिरून कोणी खून केला तर शिक्षेत सूट मिळू शकते, पण निर्दोष सुटका होत नाही.

"मग जातीवरून दिलेली शिवी आम्ही गिळावयाची काय?" असे कोणी रागाने विचारील. मुळीच नाही. शिवीला उत्तर आहे: भर चौकात तोंडावर सुनावणे आहे, वर्तमानपत्र आहे, बहिष्कार आहे, कोर्ट आहे. चारचौघांत दलित-आदिवासींना हिणविणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि मौज अशी की, असा गुन्हा नोंदविण्यास कोणी गेला की तेच उपदेशक पुन्हा दारात हजर होतात: "गावात राहायचे आहे ना? मिटवून टाका, फिर्याद मागे घ्या." म्हणजे हात उगारला तर हिंसा, आणि कायदा उगारला तर गावाची शांतता भंगते! कायद्याची वाट अशी बुजविणारे लोकच काठीची वाट मोकळी करतात. उद्या रक्त सांडले तर त्याचा एक शिंतोडा या तडजोडवाल्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर पडल्याशिवाय राहणार नाही.

हात उगारण्याची किंमतही तरुणांनी नीट समजून घ्यावी. टल्सात एका काळ्या तरुणाला जमाव झाडाला टांगील या भीतीने काळे लोक हत्यारे घेऊन न्यायालयापाशी गेले. हेतू निर्मळ होता. झटापटीत गोळी सुटली, आणि सकाळपर्यंत ग्रीनवूड या त्यांच्या भरभराटलेल्या वस्तीवर हजारो गोरे तुटून पडले. सुमारे पस्तीस चौकांची वस्ती राख झाली. आणि स्वीट यांचे काय झाले? खटला जिंकला, पण मुलगी १९२६ साली क्षयाने गेली, पत्नी ग्लॅडिस त्याच रोगाने तरुणपणी गेल्या, भाऊ हेन्रीही पुढे क्षयानेच गेला, आणि १९६० साली डॉ. स्वीट यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. न्याय्य म्हणजे स्वस्त नव्हे. दुबळ्याचा न्याय्य घावही त्यालाच महाग पडतो, म्हणून तो अखेरचा उपाय ठेवावयाचा. घाव घालणे पाप आहे म्हणून नव्हे. गमवावे लागते ते आपल्या लेकरांना म्हणून.

याच हिशेबाने अहिंसेचाही विचार केला पाहिजे. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ओसरीवर बाँब पडला. घरात पत्नी व तान्ही मुलगी होती. हत्यारे घेऊन जमलेल्या आपल्या लोकांना किंग यांनी शांत करून घरी पाठविले. पण त्याच किंग यांच्या घरात त्या दिवसांत राखणीसाठी बंदुका होत्या, आणि त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता, तो नाकारला गेला, हे उपदेशक सोयीने विसरतात. चळवळीत अहिंसा पाळायची हा त्यांचा निर्णय पुढे पक्का झाला तो डोळे उघडे ठेवून.

आमच्या घरचाही दाखला आहे, आणि तो अमेरिकेच्या गोष्टीस उगीच जोडलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केली. काळ्यांचे दुःख व आमचे दुःख एका जातकुळीचे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकून आले. त्याच आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर लोक पाणी प्याले, आणि देवळात शिरणार अशी कंडी पिकवून सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या मंडपात व रस्त्यांत त्यांना, बायकापोरांसकट, झोडपले. आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले गडी होते; बाबासाहेबांनी नुसती मान हलविली असती तर महाडात वेगळाच प्रकार घडता. त्यांनी ती हलविली नाही. लोकांना आवरले, आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचून शिक्षा करविली. हा संयम भित्र्याचा नव्हता. मारू शकणाऱ्याने हिशेब करून आवरलेला तो हात होता, आणि आवरा असे सांगणारा मार खाणाऱ्यांपैकीच एक होता.

सारा फरक येथे आहे. किंग यांनी आपल्या माणसांना शांत राहा म्हटले, बाबासाहेबांनी म्हटले. त्यांना तो अधिकार होता, कारण बाँब त्यांच्या ओसरीवर पडला होता, काठ्या त्यांच्या माणसांच्या डोक्यांवर पडल्या होत्या. पण ज्यांच्या आळीतून दगड आले, ज्यांच्या भाईबंदांनी साक्षी फिरविल्या, ज्यांच्या फौजदाराने पाठ फिरविली, त्यांनी फुटक्या डोक्याच्या माणसासमोर शांतिपाठ म्हणणे ही शांतता नव्हे. ती मारामारीचीच दुसरी पाळी आहे.

त्या उपदेशकांना शांततेची एवढीच कळकळ असेल तर काम भरपूर पडले आहे. दगड जमविणाऱ्या सभेत जाऊन उभे राहा. फौजदाराला विचारा की जमाव का पांगविला नाही. साक्षीदाराला सांगा की 'मोठा जमाव' हे शब्द गिळू नकोस. फिर्याद नोंदविणाऱ्याच्या बरोबर ठाण्यावर चला. स्वीट यांच्या खटल्याचे न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनी गोऱ्यांच्या भरल्या शहरात ज्यूरीस सांगितले की घराच्या रक्षणाचा हक्क काळ्यालाही तितकाच आहे. तेच मर्फी पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसले, आणि काळ्यांना घर विकू नये असे करार कोणतेही न्यायालय अमलात आणू शकत नाही, हा १९४८ चा निकाल देणाऱ्यांत ते होते. गोऱ्या माणसाने करावयाचे काम ते हे. असे मर्फी जितके अधिक निपजतील तितकी खिडकीशी बंदूक घेऊन बसण्याची पाळी थोड्यांवर येईल.

तोवर मार खाणाऱ्याला आमचे सांगणे एवढेच: शिवीला कायद्याने व जिभेने उत्तर दे, वाटसरूला हात लावू नकोस, सुडाच्या मागे लागून लेकरांचे घर जाळून घेऊ नकोस, पण तुझ्या दारावर जमाव आला, पोलिसाने पाठ फिरविली आणि दगड तुझ्या लेकराच्या पाळण्याकडे येऊ लागला, तर दार अडवून उभा राहा, आणि त्या रात्रीबद्दल कोणाची माफी मागू नकोस.